वरातीची घोडी आणि निळी फळी

खोगीर घेऊन बसमध्ये चढलेली बाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी कंडक्टर आहे. वसमतहून निघून शिरड शहापूर, औंढा करत हिंगोलीला जाणारी आणि तीच परत येणारी लाल गाडी बरीच वर्षं माझ्या वाट्याला आहे. या गाडीत लोक काय काय घेऊन चढतात ते मला विचारा. हळदीच्या बेण्याची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, विहिरीतून काढलेली मोटार, रुखवतातलं लोखंडी कपाट. त्यामुळे दिवाळीनंतरच्या एका सकाळी वसमतच्या स्टँडवर पंचविशीची एक पोरगी खांद्यावर चामड्याचं जुनं खोगीर टाकून चढली, तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "हे ठेवणार कुठं?"

"मांडीवर. आत्ताच शिवून आणलंय. खाली ठेवलं तर लोकांचे पाय लागतील."

"लगेज लागंल याला."

"लावा की, ताई. घोडा सोबत न्हाई आणला, तेवढं धरा."

आजूबाजूचे हसले. तिला शिरड शहापूरच्या अलीकडे एका फाट्यावर उतरायचं होतं. गाडी रिकामी नव्हती, मी मधल्या जागेत उभी राहून तिकिटं फाडत होते. एका वळणावर म्हैस आडवी आली आणि आमच्या ड्रायव्हरदादांनी करकचून ब्रेक दाबला. उभे होते ते सगळे पुढच्याच्या अंगावर गेले. बसलेल्यांची डोकी समोरच्या सीटला लागली. मी जिथं होते तिथंच होते, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात सुटे पैसे. यात माझं काही कौतुक नाही. वर्षानुवर्षं खड्ड्यांतून उभ्यानं जाणाऱ्या बाईचे पाय आपोआप तसे होतात.

पण ती पोरगी माझ्या पायांकडेच बघत होती. फाट्यावर उतरताना दाराशी थांबून म्हणाली, "ताई, तुमी घोड्यावर बसल्या का कधी?"

"वरातीत नवरा बसला होता. मी न्हाई."

"मग या एकदा. इथंच आमचं वावर हाय. तुमचं अर्धं शिक्षण होऊनच गेलंय."

दादांनी हॉर्न दिला. ती उतरली. मी दोरी ओढली आणि गाडी निघाली, पण हिंगोली येईपर्यंत मी मनातल्या मनात माझ्या घोट्यांकडे बघत होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी गेले.

तिच्या वडिलांचं हळदीचं शेत. त्यातला एक मुरमाड तुकडा, जिथं काहीच नीट येत नाही, तो त्यांनी पोरीला दिला होता. तिनं त्यावर वाळू टाकून रिंगण केलं होतं. पुण्यात एका क्लबमध्ये ती आधी तबेला झाडायला लागली, मग घोड्यांना फिरवायला, मग शिकून स्पर्धांमध्ये उतरली, आणि आता गावी येऊन दुसऱ्यांना शिकवत होती. शिकायला येणारी बहुतेक शाळकरी लेकरं होती. उड्यांसाठीचे बांबू तिनं पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगांनी रंगवले होते, म्हणून ते लालभडक, पिवळे, हिरवे असे चमकत होते.

मला तिनं दिली ती लाल घोडी. कान आत वळलेले, टोकाला टोक टेकणारे. माळेगावच्या यात्रेतून आणलेली. त्याआधी ती वरातीची घोडी होती.

"म्हणजे बँडपुढं नाचायची?" मी विचारलं.

"अजून नाचती. म्हणून इथं मोबाइलवर गाणं लावायची बंदी हाय."

मी तिला रिंगणात 'मॅडम' म्हणायचं ठरवलं, कारण शिकवणाऱ्याला नुसतं तू-तू करणं मला जमेना. ती मला ताईच म्हणत राहिली. रिंगणाबाहेर चहा पिताना मी तिला पोरी म्हणायचे. हे दोन्ही आम्हाला कधी विचित्र वाटलं नाही.

शिकणं मला सोपं गेलं, हे मी खोटी लाज न धरता सांगते. घोडी दुडकी चालायला लागली की नवीन माणूस पोत्यासारखं आपटतं. मी रिकिबीत पाय टेकवले, गुडघे सैल सोडले आणि खाली औंढ्याचा रस्ता आहे असं समजले. त्या रस्त्यापेक्षा घोडी पुष्कळ मऊ होती. दुडकीच्या पुढची कँटर नावाची चाल असते, झोपाळ्यासारखी पुढं-मागं झुलवणारी. लेकरं त्या चालीला घाबरून घोड्याच्या मानेला मिठी मारायची. मला ती चाल पहिल्या दिवसापासून आवडली. मॅडम रिंगणाच्या मध्ये उभी राहून ओरडायची, "टाच खाली! नजर वर! बराबर, बराबर!" आणि मला शाळेत कधी मिळाली नव्हती अशी शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

घरी नवऱ्यानं एकदाच विचारलं, "हाड मोडलं तर ड्युटीचं काय करशील?" त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, सगळ्या मोडतोडीचा तो आधीच विचार करतो. मी म्हटलं, "मोडल्यावर बघू." त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून मला फाट्यावर सोडायला स्वतःच आला.

संक्रांतीच्या सुमारास उड्या सुरू झाल्या. आधी जमिनीवर ठेवलेले बांबू, मग फुलीसारखे एकमेकांवर आडवे टाकलेले. घोडी टुणकन उडी मारून पलीकडे जायची आणि मला वाटायचं, एवढंच होय? मी दोन्ही हात तिच्या मानेवर पुढं सरकवायचे, अंग किंचित वाकवायचे आणि पलीकडे पोचल्यावर मॅडमकडे बघून हसायचे. मॅडम म्हणायची, "हसू नका, पुढं बघा. एक उडी झाली म्हणून खेळ संपत न्हाई."

मग तिनं फळी आणली. निळ्या रंगाची, रुंद, वर पांढरे ठिपके. बांबूंसारखी ती आरपार दिसत नव्हती. उंचीला फुलीपेक्षा थोडीच जास्त होती. मी कँटरमध्ये आले, हात पुढं केले, अंग वाकवलं. घोडी ऐन फळीसमोर थांबली. मी थांबले नाही.

मला आठवतो तो तिच्या मानेचा वास आणि मग वाळू. उजवा हात आधी टेकला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं. मी उठून बसले तर घोडी फळीच्या अलीकडे उभी राहून माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी खुळेपणा केलाय. मनगट फुगलं होतं. मॅडमनं मला तसंच परत घोडीवर बसवलं, एक सावकाश फेरी मारायला लावली, आणि मगच दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं. मुरगळलं होतं.

त्यानंतर शिवरात्र आली. औंढ्याच्या यात्रेला जादा गाड्या सुटल्या. डाव्या हातानं मशीन चालवत मी दिवसभर गर्दीत उभी असायचे. दारू पिऊन चढणाऱ्यांना खाली उतरवलं, एका हरवलेल्या म्हातारीला तिच्या माणसांपर्यंत पोचवलं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या दोन बायांचं भांडण सोडवलं. या सगळ्यात मला कधी भीती वाटत नाही. आवाज चढवला की माणसं ऐकतात, हे मला माहीत आहे.

म्हणून मनगट बरं झाल्यावर मी रिंगणात परत गेले तेव्हा जे झालं त्याचं मला नवल वाटलं. घोडीवर बसले आणि मला जांभई आली. मग दुसरी. तिसरी. तोंड कोरडं पडलं, जीभ टाळूला चिकटली. हातमोज्यातले तळवे ओले झाले. आत्ताच जाऊन आले होते तरी परत लघवीला जावंसं वाटायला लागलं. फळी त्या दिवशी मांडलेलीसुद्धा नव्हती, कडेला कुंपणाला टेकवून ठेवली होती. पण सगळ्या रिंगणात मला तेवढीच दिसत होती.

मॅडम लगाम धरून उभी होती. "ताई, झोप न्हाई झाली का?"

"झाली की."

"मग भ्यायलात. माणूस बी जांभया देतं भ्यायल्यावर, घोडं बी देतं."

"मी? मी काहून भिऊ?"

तिनं घोडीच्या कपाळावरचे केस नीट केले आणि मग अगदी सहज, कुणी कालच्या जेवणाबद्दल सांगावं तसं म्हणाली, "पुण्यात दर मॅचच्या आधी मला उलटी व्हायची. दर वेळेस. मी बादली घेऊन तबेल्याच्या मागं जायची. तोंड धुवायचं आन् घोड्यावर बसायचं."

"मग भीती कधी गेली?"

"गेली कुठं? माझा नंबर पुकारला की जायाच लागायचं. मग बादली तिथंच सोडायची."

मला हसू आलं. हसताना लक्षात आलं की तेवढ्यापुरता माझा श्वास मोकळा झाला होता. तिच्याही ते लक्षात आलं असावं. तिनं फुलीचा लहान अडथळा मांडला आणि म्हणाली, "तुमी उडीच्या आधी श्वास धरून बसता. पडल्या त्या दिवशी बी धरला होता. तुमचं अंग दगडासारखं होतं आन् घोडीला वाटतं, वरच्या बाईला पुढं काहीतरी दिसून राहिलं. मग ती काहून जाईल? आता असं करा, मोठ्यानं बोलत या. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत न्हाई."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

मी घोडीला कँटरमध्ये आणलं. वळणावर आले आणि छाती भरून ओरडले, "वसमत! शिरड शहापूर! औंढा! हिंगोली!" घोडीचे दोन्ही कान मागं माझ्याकडे वळले. शेतात हळद काढणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. "औंढा" म्हणता म्हणता आम्ही हवेत होतो आणि "हिंगोली"ला पलीकडे.

बायांमधून एकीचा आवाज आला, "नांदेडला जाती का गं गाडी?"

त्या दिवसापासून मी ओरडतच उड्या मारल्या. लेकरांना त्याची मोठी गंमत वाटायची. हळूहळू फळी परत आली, आधी खांबांच्या मध्ये नुसती जमिनीवर, मग थोडी वर. मॅडमनं आणखी एक सांगितलं होतं. फळीकडे बघायचं नाही, फळीच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला जे कडुलिंबाचं झाड आहे त्याच्या शेंड्याकडे बघायचं. नजर फळीवर ठेवली तर घोडीही तिथंच थांबते. हे मी लगेच मानलं, पण डोळे मानत नव्हते. ते पुन्हा पुन्हा खाली पळायचे. मी त्यांना वर ओढायचे. हे नुसतं कामच होतं, रोज थोडं थोडं करायचं. जांभया येतच राहिल्या. मी आधी जांभया देऊन घ्यायचे आणि मग बसायचे.

याच दिवसांत माझी आई आली.

माझं माहेर सेनगावपलीकडच्या गोरेगावकडे, एका बंजारा तांड्यावर. आईला आम्ही याडी म्हणतो. मनगटाची बातमी तिला महिनाभरानं कुणीतरी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी ती जीपनं सेनगावला, तिथून हिंगोलीला आणि हिंगोलीहून माझ्याच गाडीनं वसमतला आली. गाडीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर पिशवी खाली ठेवून तिनं सुरू केलं. ती आमच्या बोलीत बोलते, मी इथं ते मराठीत लिहिते.

"आपल्या लोकांनी जन्मभर बैलांच्या पाठीवर मीठ लादलं. माणूस न्हाई लादला. मीठ खाली पडलं तर परत भरता येतं."

"मीठ रिकिबीत पाय ठेवत न्हाई, याडी. मी ठेवते."

"पडलीच ना पण?"

"एकदाच."

"मला दाखव ती घोडी."

ती घोडीला दोन थपडा द्यायला आली होती, असा माझा अंदाज आहे. रिंगणाच्या कुंपणाशी उभी राहून तिनं आधी घोडीला डोक्यापासून खुरांपर्यंत पाहिलं. मग मॅडमला विचारलं, "लग्न झालं का तुझं?" मॅडम म्हणाली, "न्हाई आजी." "बरं हाय, आधी हे सगळं करून घे." आणि मग ती कुंपणावर कोपर टेकवून उभी राहिली ती माझा सगळा सराव होईपर्यंत. प्रत्येक उडीला तिचा हात तोंडावर जायचा. फळीच्या वेळी ती वळली आणि शेताकडे तोंड करून उभी राहिली. मी पलीकडे पोचल्यावर मॅडमनं तिला सांगितलं, "आजी, झालं बघा." तेव्हा ती परत वळली आणि पहिलं वाक्य बोलली ते मॅडमला, "फळी खाली घे अजून. एवढी काहून लागती?"

संध्याकाळी तिनं घोडीला भाकरीचा तुकडा दिला. हात आखडत, दुरूनच. घोडीनं ओठांनी तो अलगद उचलला. याडीनं पदराला हात पुसले आणि म्हणाली की आपण पाडव्यापर्यंत इथंच राहणार.

राहण्याचं कारण होतं. पाडव्याला मॅडमनं तिच्या रिंगणात पहिल्यांदाच एक छोटी स्पर्धा ठेवली होती. परभणीहून एक डॉक्टर आपला घोडा टेम्पोत घालून येणार होते, नांदेडकडचे दोघे भाऊ येणार होते, तिच्याकडची शाळकरी लेकरं होती. परीक्षक म्हणून पुण्याहून तिचे जुने शिक्षक येणार होते. सगळ्यात खालच्या गटात, जिथं उंची कमी असते, तिथं तिनं माझं नाव मला न विचारता घातलं. मला ते कळलं तेव्हा राग यायला हवा होता. मला आनंद झाला आणि लगेच मी नियम विचारायला लागले, दोन्ही एकदमच.

नियम सोपे होते. बांबू पडला तर गुण जातात, घोडं अडलं तर जातात, वेळ जास्त लागला तरी जातात. आणि अडथळे ठरलेल्या क्रमानं घ्यायचे, क्रम चुकला की सरळ बाहेर. त्या क्रमानं माझी झोप उडवली. पडण्यापेक्षा मला चुकण्याची धास्ती जास्त होती. चारचौघांत वाट चुकलेली कंडक्टर! शेवटी मी प्रत्येक अडथळ्याला स्टॉपचं नाव दिलं. सुरुवातीची फुली म्हणजे वसमत. तिथून डावीकडे वळून पिवळे बांबू म्हणजे शिरड शहापूर. निळी फळी औंढा. शेवटचे दोन बांबू, एकापाठोपाठचे, हिंगोली. मधल्यांना फाटे. आता चुकायचा प्रश्नच उरला नाही, या रस्त्यावर मी डोळे मिटून जाऊ शकते.

स्पर्धेच्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं होतं. शेजारच्या वावरात हळद शिजत होती आणि तिचा उग्र, गरम वास सगळीकडे भरला होता. लोक अपेक्षेपेक्षा खूप आले. आमचे ड्रायव्हरदादा सुट्टी टाकून आले होते, डेपोतले आणखी चौघे घेऊन. नवरा होता. याडी सगळ्यात पुढं, खुर्चीवर.

मी तबेल्यामागं जाऊन मनसोक्त जांभया दिल्या. हेल्मेटचा पट्टा लागेना. मॅडमनं तो लावून दिला. "बादली आणू का?" तिनं विचारलं.

"नको. मला फक्त जांभया येतात."

"मग तुमी माझ्यापेक्षा पुढं गेल्या."

माझा नंबर पुकारला. रिंगणात गेले, परीक्षकांना मान लववून नमस्कार केला आणि घोडीला कँटरमध्ये घातलं. जांभई अजून येतच होती. पण गुडघे सैल होते, टाच खाली होती, आणि आवाज माझाच होता. "वसमत!" फुली पार झाली. "शिरड शहापूर!" पिवळे बांबू मागं पडले, एकही हलला नाही. लोक हसत होते, पण चांगलं हसत होते. मी नजर वर उचलली, लिंबाचा शेंडा शोधला आणि निळ्या फळीकडे वळले.

तेवढ्यात हलगी वाजली.

मॅडमच्या वडिलांनी पाहुण्यांच्या स्वागतासाठी गावातला हलगीवाला बोलावून ठेवला होता. त्याला बक्षीस समारंभाला वाजवायचं होतं. पण इतक्या छान उड्या बघून त्याचा हात आवरला नाही. कडाडकड अशी हलगी कडाडली आणि माझ्या खालची घोडी ऐन वळणावर जागच्या जागी थांबली. तिनं मान कमानीसारखी वाकवली. कान टोकाला टोक लावून ताठ केले. आणि पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, मग परत पहिला.

ती नाचत होती. गुण जात होते, वेळ जात होता, आणि मी भर स्पर्धेत वरातीतल्या नवरदेवासारखी वर बसून हलत होते.

लोकांना काय, पाहिजेच होतं. शिट्ट्या सुरू झाल्या. एक फेटेवाले आजोबा नोट हातात घेऊन घोडीवरून ओवाळायला म्हणून कुंपण ओलांडून आत येऊ लागले. मॅडम त्यांच्याकडे धावली. याडी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती आणि तिचा हात तोंडावर नव्हता. ती टाळ्या वाजवत होती.

मी टाच दिली. घोडीनं ऐकलं नाही. परत दिली, तरी नाही. मग मी गर्दीच्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जातो तो आवाज काढला.

"हलगीवाले! वाजवणं बंद करा! गाडी सोडायची हाय!"

हलगी एकदम थांबली. सगळं रिंगण चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत कुंपणाजवळून आमच्या दादांनी तोंडानं डबल बेल दिली, "टिंग टिंग!"

मी इतकी हसले की मला घोडीच्या मानेवर हात टेकवावा लागला. छाती हलत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तळव्यांचा घाम, कोरडी जीभ, जांभया यातलं काही जागेवर आहे का हे बघायलासुद्धा मला सवड नव्हती. लगाम गोळा केला. घोडीनं फुर्र केलं आणि हललीच. तिथून कँटरला चारच ढांगा मिळाल्या असतील. लिंबाचा शेंडा समोर होता. "औंढा!" मी ओरडले, आणि माझ्यामागून सगळे ओरडले, "औंढा!" घोडीनं पाय गोळा केले. मला तिची पाठ वर येताना जाणवली, मी तिच्याबरोबर वर गेले, हात तिच्या मानेवर पुढं जाऊ दिले. खाली काहीतरी निळं सरकून गेलं. मी पाहिलं नाही.

उरलेले अडथळे मी गाडी लेट झाल्यासारखे घेतले. हिंगोलीचे दोन्ही बांबू एकापाठोपाठ पार झाले आणि शेवटची रेघ ओलांडून मी घोडीला चालीवर आणलं.

एकही बांबू पडला नव्हता. वेळ मात्र कधीच संपून गेला होता. पुण्याहून आलेले परीक्षक गंभीर चेहऱ्यानं म्हणाले की नाचण्यासाठी नियमांत कुठलीच सोय नाही, नाहीतर त्यांनी काहीतरी केलं असतं. मी खालून दुसरी आले. माझ्याखाली परभणीचे डॉक्टर होते, त्यांच्या घोड्यानं रिंगणात यायलाच नकार दिला होता. डॉक्टर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्हाला भीती वाटत नाही का हो?"

"वाटती ना. तुमाला?"

"भयंकर."

"मग तुमी घोड्यावर बसल्यावर मोठ्यानं बोला. पेशंटांची नावं घ्या."

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की हे करून बघायला हरकत नाही.

याडीनं घोडीच्या तोंडाजवळ जाऊन तिला गूळ दिला. या वेळी हात आखडला नाही. मग तिनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तांड्यावर हे सगळं ती स्वतः सांगणार, मी मध्ये बोलायचं नाही. पुढच्या लग्नसराईत मी तांड्यावर गेले तेव्हा ऐकलं की मी माणसाच्या उंचीची भिंत ओलांडली आणि घोडी पलीकडे जाऊन नाचली. मी मध्ये बोलले नाही.

स्पर्धेनंतरच्या आठवड्यात मला दुपारची ड्युटी होती, म्हणून सकाळी लवकर रिंगणात गेले. शाळकरी लेकरं अजून आली नव्हती. मॅडम खांबाशी उभी राहून फळी अडकवायचा खिळा हातात घेऊन विचार करत होती. खांबाला एकावर एक भोकं असतात, खिळा ज्या भोकात घालाल तेवढी उंची.

"आज नेहमीचीच ठेवते," ती म्हणाली.

मी घोडीच्या पोटाखालचा तंग आवळत होते. फळीकडे पाहिलं. ती जिथं होती तिथं आता लहान दिसत होती.

"एक भोक वर घे, पोरी," मी म्हणाले.

"रिंगणात मॅडम म्हणायचं ठरलं होतं ना?"

"एक भोक वर घ्या, मॅडम."

तिनं खिळा वर घातला, दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडचाही घातला, फळी हलवून पाहिली आणि हात झटकत रिंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मी रिकिबीत पाय घातला आणि वर चढले.